‘टक’ झालं, बार नाही: हातानं भरलेलं रायफलचं काडतूस फुसकं का गेलं, हे शोधायची रीत

चाप ओढला, आतून ‘टक’ आवाज आला आणि पुढं काहीच नाही. हातानं काडतुसं भरणारे मला सगळ्यात जास्त विचारतात ते या ‘टक’बद्दल, आणि बहुतेक जण उत्तर ठरवूनच आलेले असतात: “प्रायमरचा डबा खराब निघाला.” (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली, फायरिंग पिनचा ठोका बसताच ठिणगी देणारी छोटी वाटी.) मग डबा बदलतात, त्याच बैठकीत डायला (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याला) एक पीळ जास्त देतात, वर पावडरही थोडी वाढवतात. पुढच्या खेपेला पुन्हा दोन-चार फुसकी निघाली की दोष कशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रायमर कारखान्यातूनच मेलेला येऊ शकतो, पण कारणांच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा. त्याच्या कितीतरी आधी दोन कारणं येतात. एक, प्रायमर खळग्यात पुरता बसलेला नसतो. दोन, सायझिंग करताना (उडालेली पुंगळी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणताना) पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा मागं ढकललेला असतो. दोन्ही आपल्याच हातच्या चुका आहेत आणि पावडरचा एक कणही न बदलता सुधारता येतात.

हा लेख भरणीचं काम कायदेशीरपणे करणाऱ्यांसाठी आणि छापील लोड मॅन्युअल (कुठल्या काडतुसात किती पावडर ते सांगणारं पुस्तक) बघूनच पावडर तोलणाऱ्यांसाठी आहे. पावडरचे आकडे इथं नाहीत, कारण या दुखण्यावरचा इलाज त्या आकड्यांत नसतो. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच (इंग्रजीत ‘केस’), खळगा म्हणजे तिच्या बुडातली प्रायमरची जागा. ‘थाऊ’ हा वर्कशॉपमधलाच शब्द आहे: इंचाचा हजारावा भाग, म्हणजे सुमारे ०.०२५ मिमी.

## टप्पा १: आवाज कसला होता?

‘टक’ ऐकू आल्यावर पहिली प्रतिक्रिया असते बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) झटकन उघडायची. तो हात आवरा. प्रायमर पेटून पावडर उशिरा धरते असंही होतं. त्याला हँगफायर म्हणतात, आणि उघड्या बोल्टमध्ये तो झाला तर पुंगळी चेहऱ्यासमोर फुटते.

१. नळी निशाण्याच्या दिशेलाच ठेवा. खांद्यावरची पकड सोडू नका.
२. निदान ३० सेकंद मोजा. मनातल्या मनात मोजणारा घाईत दहालाच तीस म्हणतो, म्हणून घड्याळ बघा.
३. बोल्ट उघडताना चेहरा त्याच्या रेषेत नको, हातही काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीसमोर नको.

आता आठवून पाहा: फक्त कोरडी ‘टक’ होती, की बारीकशी ‘फट्’? नेहमीपेक्षा फारच हलका धक्का तर बसला नाही?

इशारा: ‘फट्’ झाली असेल तर पुढचं काडतूस घालायचंच नाही. पुंगळीत पावडर नसली किंवा ती पेटली नाही, तर एकटा प्रायमरसुद्धा गोळीला नळीत ढकलून अडकवू शकतो. त्यावर दुसरी गोळी झाडली की नळी फाटते. बोल्ट काढा आणि चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) बाजूनं नळीत आरपार बघा. उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. शंका असेल तर क्लिनिंग रॉड घालून बघा. गोळी अडकलेली असेल तर ती गोळी झाडून ‘मोकळी करायचा’ विचारही करू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. काडतूस बाहेर काढताना गोळी रायफलिंगमध्येच (नळीतल्या पीळदार खाचांत) राहिली आणि पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडली, तर गोळी फार पुढं बसवलेली आहे. तो दोष वेगळा, पण तेव्हाही नळी तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही.

## टप्पा २: फुसकं काडतूस हाच पुरावा

बहुतेक जण फुसकं काडतूस वैतागून टाकून देतात आणि मग घरी येऊन अंदाज बांधत बसतात. रेंजवर फुसक्या काडतुसांची पेटी असेल आणि ती त्यातच टाकायचा नियम असेल तर नियम पाळा, पण आधी बुडाचा जवळून, तिरक्या उजेडात फोटो घ्या. काडतूस जवळ ठेवता येत असेल तर वेगळ्या डबीत, गोळीचं टोक कुणाकडे नसेल असं ठेवा.

त्याच वेळी पाच गोष्टी लिहा: मॅगझिनमधलं कितवं होतं, हवा किती थंड होती, पुंगळी कितव्यांदा भरलेली आहे, प्रायमरचा लॉट नंबर, आणि बोल्ट बंद करताना हाताला काय जाणवलं. पाचवी गोष्ट सगळे विसरतात आणि नेमकी तीच पुढं कामाला येते.

दुसरा ठोका. कोरडी ‘टक’ होती, ३० सेकंद गेले आणि रेंजचा नियम आड येत नसेल, तर काडतूस न काढता बोल्टचं हँडल फक्त उचलून पुन्हा बसवा आणि एकदाच चाप ओढा. एकदाच. दुसऱ्या ठोक्याला बार झाला तर ती फार मोलाची बातमी आहे: पहिला ठोका प्रायमर पेटवण्यात नाही, तर काहीतरी ढकलण्यात खर्च झाला. ते ‘काहीतरी’ म्हणजे अर्धवट बसलेला प्रायमर किंवा चेंबरमध्ये पुढं-मागं हलणारी अख्खी पुंगळी. दुसऱ्या ठोक्यालाही गप्प राहिलं तर आणखी तीनदा ठोकत बसू नका. पिनच्या प्रत्येक ठोक्यानं खांदा थोडा मागं जातो आणि मोजण्यासारखा पुरावा आपणच बिघडवतो.

## टप्पा ३: ठसा वाचा

भिंग आणि तिरका उजेड घ्या. चांगली उडालेली पुंगळी शेजारी ठेवून ठशांची खोली ताडून पाहायची सवय अनेकांना असते. ती तुलना फसवी आहे. बार झाल्यावर आतल्या दाबानं प्रायमरचा पत्रा पिनभोवती पुन्हा दाबला जातो, त्यामुळे उडालेल्या प्रायमरवरचा ठसा नव्यानं घडलेला असतो. फुसक्याची तुलना फुसक्याशी करा, नाहीतर टप्पा ८ मधल्या रिकाम्या प्रायमर-चाचणीच्या ठशाशी.

ठसाच नसेल तर पिन पोचलीच नाही. पिन तुटलेली, बोल्ट पुरता बंद नाही किंवा बोल्टमध्ये कचरा. काडतुसाचा दोष शोधू नका, थेट टप्पा ७ कडे जा.

ठसा उथळ असेल तर ठोक्याची ताकद वाटेत वाया गेली. कारणं तीन: उंच बसलेला प्रायमर, जास्त मागं गेलेला खांदा, मेलेली स्प्रिंग. तिघांचा ठसा सारखाच दिसतो आणि खरी गफलत इथंच होते. नुसत्या ठशावरून या तिघांत निवड करता येत नाही. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत.

ठसा खोल, स्वच्छ आणि मधोमध असूनही बार नसेल तर आता प्रायमरवर संशय घ्यायला हरकत नाही. आतली ऐरण (जिच्यावर मसाला चिरडतो तो तुकडा) गायब असू शकते, मसाला (ठोक्यानं पेटणारी दारू) निसटलेला किंवा भिजलेला असू शकतो. प्रायमर उलटाही बसलेला असू शकतो, तो भिंगाशिवायही ओळखू येतो.

ठसा एका कडेला सरकलेला असेल तर थोडं सरकणं चालतं, पण कडेच्या वळणावर आदळलेली पिन मसाल्याला ऐरणीवर चिरडू शकत नाही.

## टप्पा ४: प्रायमर खरंच बसलाय का?

प्रायमर पेटतो कसा, हे दोन ओळींत. वर पत्र्याची वाटी, तिच्यात मसाला आणि खाली तीन किंवा दोन पायांची छोटी ऐरण. पिन वाटीला आत चेपते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतो आणि ठिणगी पडते. ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकलेले नसतील तर पिनचा जोर आधी अख्खा प्रायमर खाली बसवण्यात जातो. मसाला चिरडायला उरतं काय? पहिल्याला ‘टक’, दुसऱ्याला बार. टप्पा २ मधलं कोडं इथं सुटतं.

योग्य बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा ३ ते ५ थाऊ खाली असतो. अमेरिकन मापात ८ थाऊपर्यंत खोली चालते. पातळीला बरोबर टेकलेला प्रायमर दिसायला छान दिसतो आणि म्हणूनच फसवतो. ‘सपाट आहे, म्हणजे बसला’ हे खरं नाही.

तपासणी, याच क्रमानं:

१. प्रायमर बसवल्यावर लगेच, पावडर घालायच्या आधी, प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर बुडापेक्षा किंचित खाली लागला पाहिजे.
२. काचेच्या तुकड्यावर पुंगळी बुडावर उभी करा. डुलली तर प्रायमर वर आहे.
३. दर दहातली एक व्हर्नियरच्या खोली मोजायच्या दांडीनं मोजा.

उंच प्रायमर सापडले तर त्यांचं मूळ या चारपैकी एका ठिकाणी असतं.

खळग्यात काजळी. तळाच्या कोपऱ्यातला काळा थर पाय टेकू देत नाही. ब्रशनं नाही निघाला तर खळगा साफ करायचं पातं वापरा, पण पितळ कापू नका.

लष्करी पुंगळ्यांचा क्रिम्प. खळग्याच्या ओठावर दाबलेली कडा राहिली तर प्रायमर वाकडा शिरतो, चेपतो किंवा अडकतो. ती कडा स्वेजरनं (दाबून) किंवा रीमरनं (कापून) काढावीच लागते. रीमर जास्त फिरवला तर उलटं दुखणं लागतं: खळगा सैल होतो आणि प्रायमर गळतो.

उथळ खळगा. मोठ्या रायफल प्रायमरचा खळगा साधारण १२५ ते १३२ थाऊ खोल असतो. त्याहून उथळ निघाला तर खळगा एकसारखा करायच्या कटरनं तळ सारखा करून घ्या.

आणि चौथं, हाताचा संकोच. नवशिक्या माणूस प्रायमर ‘फुटेल’ या भीतीनं लिव्हर अर्ध्यात थांबवतो. लिव्हरला आधी प्रायमर शिरतानाचा सरळ विरोध लागतो, मग पाय तळाला टेकल्याची एक घट्ट थांबण, आणि त्यापुढं किंचित दाब. त्या थांबणीच्या आधी सोडलं की प्रायमर लटकत राहतो. पुढं दाबून चपटा केला तर मसाल्याची वडी तडकते. हातात धरायचं प्रायमिंग टूल मला म्हणूनच आवडतं. प्रेसच्या (डाय बसवायच्या दाबयंत्राच्या) लांब दांड्यात ही थांबण हरवते.

इशारा: भरलेल्या काडतुसातला उंच प्रायमर पुन्हा दाबून ‘खाली बसवायचा’ नाही. प्रेसवर नाही, टूलनं नाही, हातोडीनं तर नाहीच. आत पावडर आणि वर गोळी असताना प्रायमर दाबणं म्हणजे हातात बार काढणं. आधी गोळी काढा, पावडर ओता, मगच त्या प्रायमरकडे बघा. सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलमध्ये उंच प्रायमरचा दुसरा धोका असा की बोल्ट पुढं आदळतानाच चाप न ओढता बार होऊ शकतो.

प्रायमर फार खोल, १० थाऊच्याही खाली गेलेला दिसला तर बसवण्यावर नाही, डब्यावर शंका घ्या. मोठ्या पिस्तूल प्रायमरचा व्यास मोठ्या रायफल प्रायमरएवढाच असतो, पण उंची सुमारे ८ थाऊ कमी. रायफलच्या खळग्यात तो गुपचूप शिरतो, तळाशी बसतो आणि पिन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. पोचली तर जास्तच वाईट: त्याची वाटी पातळ असते आणि रायफलचा दाब तिला भोक पाडू शकतो. ही चूक सापडली तर अख्खी खेप उकला.

## टप्पा ५: खांदा किती मागं गेला?

बिनकडेच्या, बाटलीच्या आकाराच्या काडतुसाला चेंबरमध्ये अडवतो तो त्याचा खांदा. खांद्याला पुढं टेकायला जागा आणि बुडाला मागं बोल्टचा आधार, यांच्यातली मोकळीक म्हणजे हेडस्पेस. मोकळीक जास्त असली की पिन आदळताच पुंगळी पुढं सरकते. हातात धरलेल्या फळीत आणि भिंतीला टेकवलेल्या फळीत खिळा ठोकून पाहा, तोच फरक. (कडा असलेल्या किंवा पट्टा असलेल्या काडतुसांना कडा किंवा पट्टा अडवतो, पण पुन्हा भरताना तिथंही खांद्याचं माप जपलेलं बरं.)

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती इतकी सामान्य आहे. एका बोल्ट रायफलसाठी भरलेल्या काडतुसांत मला अधूनमधून ‘टक’ मिळायची. मी दोन वेगवेगळ्या लॉटचे प्रायमर वापरून पाहिले, बोल्ट धुतला, स्प्रिंग बदलली. डायकडे बघितलंच नाही, कारण ती मी ‘व्यवस्थित’ लावली होती. म्हणजे कशी? एकदा बोल्ट जरा घट्ट बंद झाला म्हणून पाव फेरा खाली, ‘असू दे’ म्हणून.

त्या पाव फेऱ्याचा हिशोब मी नंतर मांडला. रिलोडिंग डायला सहसा इंचाला १४ आटे असतात. एक फेरा म्हणजे १.८१ मिमी, पाव फेरा म्हणजे ०.४५ मिमी, सुमारे १८ थाऊ. डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकल्यावर पुढचा पीळ प्रेस ताणण्यातच जातो, म्हणून अख्खे १८ थाऊ खांद्याला लागले नाहीत. पण मला हवे होते दोन. दोन थाऊ म्हणजे डायचा दहा अंशांचा पीळ: घड्याळाच्या तबकडीवर मिनिटकाटा दीड-पावणेदोन मिनिटं सरकतो, तेवढाच.

डाय लावायचा क्रम:

१. याच रायफलमध्ये उडालेल्या तीन-चार पुंगळ्या घ्या. जुना प्रायमर आधी काढा, नाहीतर त्याची वर आलेली कडा मापात येते.
२. व्हर्नियरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंत मोजा आणि आकडा लिहा.
३. डाय शेलहोल्डरपासून अर्धा फेरा वर ठेवून एक पुंगळी सायझ करा, वंगण पुसा, मोजा. आकडा एक-दोन थाऊनी वाढलेला दिसेल. घाबरू नका: अंग आवळलं जातं तसा खांदा आधी पुढं सरकतो.
४. आता दहा-दहा अंश खाली. दर वेळी नवी पुंगळी, दर वेळी माप.
५. उडालेल्या मापापेक्षा बोल्ट रायफलसाठी १ ते २ थाऊ, सेमी-ऑटोसाठी ३ ते ४ थाऊ कमी झालं की थांबा आणि लॉक रिंग कसा.
६. आणखी पाच पुंगळ्या करून मोजा. वेगवेगळ्या कंपनीचं किंवा वेगवेगळ्या वेळा भरलेलं पितळ वेगवेगळं परत उसळतं. मिसळीच्या पुंगळ्यांत पाचांचे पाच आकडे येतील, आणि फुसकी नेमकी ‘अधूनमधून’ का जातात त्याचंही कारण बरेचदा तेच निघतं.

कंपॅरेटर नसेल तर चिकटपट्टीवर भागतं. पट्टीची जाडी व्हर्नियरनं मोजा, साध्या पारदर्शक पट्टीची दोनेक थाऊ भरते. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा खटका) काढा, सायझ केलेल्या रिकाम्या पुंगळीच्या बुडाला पट्टीचा एक थर लावा, जादा कापा आणि बोल्ट हलक्या हातानं बंद करा. एका थरावर किंचित विरोध लागला तर माप ठीक. तीन थरांवरही हँडल आपसूक पडत असेल तर फुसक्यांचं कारण तुमच्या हातात आहे.

इशारा: जास्त मागं ढकललेल्या खांद्याचं फुसकं काडतूस हे सौम्य लक्षण आहे. पेटलेली काडतुसं दर वेळी बुडाजवळ ताणली जातात. तिथं बाहेरून चकचकीत पट्टा दिसला किंवा टोक वाकवलेली तार आतून फिरवताना खाच लागली, तर त्या पुंगळ्या चेपून मोडीत टाका. त्या पुढच्या बारात बुडापासून तुटू शकतात.

एक पळवाट तुम्हाला कुणीतरी सुचवेल: गोळी पुढं बसवा, रायफलिंगला टेकवा, फुसकी थांबतील. थांबतातही, कारण गोळीच पुंगळीला बोल्टवर मागं रेटून धरते. यातून निदान पक्कं होतं, इलाज नाही. गोळी रायफलिंगला टेकली की दाब वाढतो आणि डाय चुकीची ती चुकीचीच राहते.

उलटी चूकही बघा. खांदा पुरेसा मागं गेलाच नाही तर बोल्टचं हँडल शेवटच्या टप्प्यात अडतं. पूर्ण खाली न गेलेल्या हँडलवर चाप ओढला की पिनचा जोर हँडल खाली ओढण्यात जातो. ‘टक’नंतर हँडल आधीपेक्षा किंचित खाली सरकलेलं दिसलं तर हेच झालंय.

## टप्पा ६: काडतूस उकला

बाहेरची मापं झाल्यावरच आत जायचं. ठोका बसलेल्या काडतुसाला आपटून गोळी काढायचा हातोडीसारखा पुलर लावू नका. प्रेसवरचा कोलेट पुलर (गोळीला चिमट्यासारखा धरून ओढणारा) वापरा, डोळ्यांना चष्मा हवाच.

पावडर पांढऱ्या कागदावर ओता आणि तिच्याकडे नीट बघा. दाणे सुटे, कोरडे, मूळ रंगाचे आहेत? वजन नोंदवहीतल्या आकड्याशी जुळतं? जुळलं तर पावडर निर्दोष, प्रायमर पेटलाच नाही.

दाणे एकमेकांना चिकटून गोळा झालेत, पिवळट पडलेत, पुंगळी आतून काळवंडलीय? मग प्रायमर पेटला होता, पावडरनं धरलं नाही. याची कारणं वेगळी. ओल्या पद्धतीनं धुतलेल्या पुंगळ्या आतून वाळल्या नसतील. बाहेरून कोरडी दिसणारी पुंगळी फ्लॅश होलपाशी (प्रायमरची ठिणगी आत जाते त्या भोकापाशी) थेंब धरून बसते, म्हणून वाळवताना तोंड खाली करून आणि एक पूर्ण दिवस जास्त. मानेत वंगण राहिलं असेल. किंवा मॅन्युअलमधल्या किमान आकड्यापेक्षा कमी, सावकाश जळणारी पावडर भरली असेल. असा ‘हलका लोड’ सौम्य नसतो: गोळी नळीत अडकू शकते किंवा दाब अनपेक्षित उसळतो. गोल दाण्यांच्या पावडरी थंडीत साध्या प्रायमरला दाद देत नाहीत आणि मॅन्युअल अनेकदा तिथं मॅग्नम (जास्त जोरदार ठिणगीचा) प्रायमर सांगतं. पण प्रायमर बदलला की लोड पुन्हा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढवायचा.

मग पुंगळीच्या तोंडातून टॉर्चचा उजेड टाका. मध्ये फ्लॅश होल दिसलं पाहिजे, साधारण २ मिमीचं (काही पुंगळ्यांत १.५ मिमी). त्यात मक्याच्या भुशाचा दाणा किंवा टंबलरची (पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या फिरत्या डब्याची) स्टीलची सुई अडकलेली सापडते. सुया वापरणाऱ्यांनी धुतलेल्या पुंगळ्या मोजायच्या नाहीत, प्रत्येकीत बघायचं.

उरला प्रायमर. त्याला जिवंतच समजा. प्रायमर असलेली ती रिकामी पुंगळी रेंजवर रायफलमध्ये घालून, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण लावून, चाप ओढा. ‘फट्’ झाली तर प्रायमर ठणठणीत होता आणि पहिला ठोका वाया गेला होता. टप्पा ४ किंवा ५ कडे परत. खोल ठसा असूनही पुन्हा गप्प राहिला तर तो खरोखर मेलेला. मग चष्मा लावून, प्रेसवर अगदी सावकाश बाहेर काढा आणि ऐरण आहे का बघा.

तेलाबद्दल एक गैरसमज. तेलकट बोटांनी प्रायमर ‘मरतात’ असं सर्रास सांगतात. बोटं कोरडी ठेवावीत हे बरोबर, पण आजचे प्रायमर तेलाच्या डागानं हमखास मरत नाहीत. म्हणूनच तेलात बुडवून ठेवलेला प्रायमर निकामी समजून कचऱ्यात टाकणं धोक्याचं आहे. जुनेपणाचंही तसंच: कोरड्या, थंड जागी मूळ डबीत ठेवलेले प्रायमर दशकांनंतरही पेटतात. त्यांना मूळ डबीतून काढून बाटलीत मात्र कधीही ओतू नका, एक पेटला तर सगळे एकदम उडतात.

## टप्पा ७: रायफलचा नंबर

कारखान्याची काडतुसं त्याच रायफलमध्ये बिनतक्रार उडत असतील तर रायफल निर्दोष, असं म्हणायची पद्धत आहे. अर्धंच खरं. ठोका जेमतेम पुरेसा असेल तर मऊ वाटीचा प्रायमर पेटतो आणि जाड वाटीचा गप्प बसतो.

बोल्ट पूर्ण उकला. आतलं जुनं ग्रीस, पितळेचा चुरा, फुटलेल्या प्रायमरचे तुकडे काढा. थंडीत घट्ट झालेलं ग्रीस पिनला ब्रेक लावतं, म्हणून आत जवळजवळ कोरडंच ठेवा. पिनचं टोक गोल आणि अखंड आहे का बघा. पिन बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येते ते मोजा: बोल्ट रायफलींत साधारण ५५ ते ६५ थाऊ, पण तुमच्या रायफलच्या बनवणाऱ्याचा आकडा अंतिम. स्प्रिंग थकली असेल तर नवी घाला. चाप हलका करायला कुणी हॅमरची स्प्रिंग कापलेली असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही.

नव्या कारखान्याच्या काडतुसांवरही ठसे उथळ येत असतील किंवा चिकटपट्टीचं गणित डाय सुधारूनही जुळत नसेल, तर चेंबर बंदुकीच्या कारागिराकडून गेजनं तपासून घ्या.

## टप्पा ८: एकच गोष्ट बदला, मग सिद्ध करा

कारण सापडलंय असं वाटलं की एकच गोष्ट बदला. डाय लावली असेल तर प्रायमर, पावडर, पुंगळ्या जुन्याच ठेवा.

आधी पावडर आणि गोळी न घालता दहा पुंगळ्यांत फक्त प्रायमर बसवा आणि रेंजवर एकेक उडवा. दहाच्या दहा पहिल्या ठोक्याला ‘फट्’ झाल्या पाहिजेत. दाब नसल्यानं प्रायमर थोडा मागं सरकून बुडाच्या वर आलेला दिसेल. तो दोष नाही, उलट फुकटचं माप आहे: जितका वर आला तितकी साधारण तुमच्या चेंबरमधली मोकळीक. दोन-तीन थाऊ असेल तर छान, दहा असेल तर टप्पा ५ पुन्हा करा. चाचणीनंतर नळी साफ करा.

मग वीस काडतुसं भरा, वेगळ्या डबीत, चिठ्ठीसकट: तारीख, प्रायमरचा लॉट, पुंगळ्या कितव्यांदा भरल्या, पावडर आणि वजन, खांद्याचं माप. दर पुंगळीत पावडर पडली की नाही हे गोळी बसवायच्या आधी टॉर्च टाकून, ट्रेमधल्या सगळ्या एका ओळीत बघून घ्या.

आणि जुन्या खेपेतली उरलेली काडतुसं? कारण उंच प्रायमरचं, चुकीच्या प्रायमरचं, ओल्या पावडरीचं किंवा मागं गेलेल्या खांद्याचं असेल तर सगळी उकला, कितीही कंटाळा आला तरी. खांदा मागं गेलेल्या पुंगळ्या टाकून द्यायची गरज नाही, पण पहिल्या बाराआधी बुडाजवळचा पट्टा प्रत्येकीत तपासा. कारण फक्त रायफलचं निघालं, म्हणजे ग्रीस किंवा स्प्रिंग, तर न ठोकलेली काडतुसं तशीच ठेवता येतात. ठोका बसलेली मात्र परत डब्यात मिसळू नका. बुडावर मार्करनं फुली मारा.